भूचुंबकीय वादळ आलं की पृथ्वीभोवतीचं रेडिएशन वाढतं की घटतं?

मे २०२४ मध्ये १० आणि ११ तारखेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लालसर झालं. युरोप-अमेरिकेत तर लोक अंगणात उभे राहून ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढत होते. वीस वर्षांत एवढं जोरदार भूचुंबकीय वादळ आलं नव्हतं. त्याच दिवसांत माझ्या आत्याचा फोन आला. तिला कुणीतरी तो नेहमीचा मेसेज पाठवला होता: आज रात्री अवकाशातले किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा. "अगं, खरंच उशाशी ठेवू नको का फोन?"

ठेव, काही होत नाही, असं मी तिला सांगितलं. पण मग तिनं पुढचा प्रश्न विचारला. "बरं, इथे काही होत नाही. पण तिकडे वर, उपग्रह असतात तिथे तरी रेडिएशन वाढतं ना?"

याचं प्रामाणिक उत्तर आहे: कधी वाढतं, कधी घटतं, आणि कधी काहीच फरक पडत नाही. फोनवर हे ऐकून तिचं समाधान झालं नाही, आणि ते होण्यासारखं नव्हतंच. म्हणून हा लेख.

आधी चार शब्द

सूर्यातून सगळ्या दिशांना विद्युतभारित कणांचा एक झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. एरवी त्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास असतो, जोर वाढला की ७००-८००च्या घरात जातो. पृथ्वीचं चुंबकत्व या वाऱ्याला बाहेरच अडवतं. ते जिथवर पोचतं, तेवढ्या जागेला आपण चुंबकीय कवच म्हणू. सौरवारा आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकत्वही घेऊन येतो. त्याची दिशा दक्षिणेकडे असली, म्हणजे आपल्या कवचाच्या उलट असली, की कवचाची दारं उघडल्यासारखी होतात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत घुसते. मग कवचातले विद्युतप्रवाह वाढतात आणि सगळ्या पृथ्वीवर होकायंत्राची सुई किंचित डळमळते. हेच भूचुंबकीय वादळ.

रेडिएशन हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर अणुभट्टी किंवा एक्स-रे येतो. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. इथे रेडिएशन म्हणजे अतिशय वेगाने पळणारे कण. या लेखात मी फक्त त्यातल्या इलेक्ट्रॉनांबद्दल लिहिते आहे, कारण सगळ्यात लहरी तेच आहेत.

शून्य दाखवणारं यंत्र

हे कण तिथे आहेत हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. ३१ जानेवारी १९५८ला अमेरिकेनं आपला पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, सोडला. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटानं एक गायगर गणक बसवला होता. येऊन आदळणारे कण मोजायचे, एवढंच त्याचं काम. उपग्रह खालच्या उंचीवर असताना आकडे ठीक यायचे, पण जास्त उंचीवर गेला की गणक चक्क शून्य दाखवायचा.

कण नाहीत म्हणून शून्य? तसं नव्हतं. जत्रेच्या फाटकावर एकच माणूस चिठ्ठ्या फाडायला बसवलाय असं समजा. दोन-दोन, चार-चार जण आले तर तो नीट मोजेल. पण हजारो माणसं एकदम लोटली, तर त्याला एकही चिठ्ठी फाडता येणार नाही. संध्याकाळी त्याचं पुस्तक कोरं निघेल आणि आपण म्हणू, आज कुणी आलंच नाही. गणकाचं तेच झालं होतं. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३नं ते पक्कं केलं. पृथ्वीला कणांचे पट्टे वेढून आहेत, हे असं उघड झालं आणि त्यांना व्हॅन ॲलन यांचं नाव मिळालं.

ढोबळमानानं पट्टे दोन आहेत. काही हजार किलोमीटर उंचीवरच्या आतल्या पट्ट्यात प्रोटॉनांचं राज्य आहे, आणि तो बराच स्थिर आहे. बाहेरचा पट्टा सुमारे १३ हजार किलोमीटरपासून पुढे कित्येक हजार किलोमीटर पसरलेला आहे, आणि तो इलेक्ट्रॉनांचा आहे. मधे एक जवळपास मोकळी जागा असते. आपल्या दूरचित्रवाणीचे इन्सॅट-जीसॅट उपग्रह आणि वाट दाखवणाऱ्या आपल्या 'नाविक' यंत्रणेचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याच्या कडेला फिरतात. जीपीएसचे उपग्रह २० हजारांवर, म्हणजे थेट पट्ट्याच्या गाभ्यात.

हे इलेक्ट्रॉन तिथे अडकून कसे राहतात? चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत ते उत्तर-दक्षिण हेलपाटे घालतात, आणि त्याच वेळी पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकत जातात. वारीतलं रिंगण आठवा. अश्व आतल्या कड्यातून धावतो, बाहेर पडत नाही, आणि फेरी पुरी करून परत तिथेच येतो. इन्सॅटच्या उंचीवरच्या वेगवान इलेक्ट्रॉनची पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण दहा मिनिटांत होते.

'वेगवान' म्हणजे किती, तेही बघू. टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलनं इलेक्ट्रॉनला ढकललं की त्याला जी ऊर्जा मिळते, तसे साडेसहा लाखांहून जास्त सेल ओळीनं जोडले तर दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतात. या पट्ट्यातल्या धोकादायक इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एवढी किंवा याहून जास्त असते. प्रकाशाच्या वेगाच्या ९४ टक्के वेगानं पळणारे हे कण काही मिलिमीटर ॲल्युमिनियम आरपार जातात.

पाऊस झाला म्हणजे धरण भरलंच असं नाही

आता आत्याचा प्रश्न. सरळ विचार असा असतो: वादळ म्हणजे जास्त ऊर्जा, म्हणून जास्त रेडिएशन. वरवर पटण्यासारखं आहे, पण चूक आहे.

कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा. पाणलोटात धो-धो पाऊस पडतोय आणि आवक वाढली आहे. पण त्याच वेळी दरवाजे उचललेत आणि विसर्गही वाढवला आहे. पातळी वर जाईल की खाली? नुसत्या पावसाच्या आकड्यावरून सांगता येणार नाही. आवक आणि विसर्ग दोन्ही बघावे लागतील. बाहेरचा पट्टा हे असं धरण आहे, आणि वादळ एकाच वेळी आवकही वाढवतं आणि दरवाजेही उचलतं.

आधी विसर्ग. सौरवाऱ्याचा दाब वाढला की चुंबकीय कवचाची सूर्याकडची भिंत आत ढकलली जाते. एरवी ही भिंत पृथ्वीपासून सुमारे ६० हजार किलोमीटरवर असते. मोठ्या वादळात ती ३६ हजारांच्याही आत येते. रिंगणाची बाहेरची दोरी कुणीतरी एकदम आत ओढावी तसं होतं. बाहेरच्या कडेनं धावणारे इलेक्ट्रॉन फेरी पुरी करायला येतात तेव्हा तिथे रिंगणच उरलेलं नसतं. ते सरळ कवचाबाहेर निघून जातात. दुसरी वाट खालची. कवचात अनेक प्रकारच्या विद्युतचुंबकीय लहरी उठतात. त्यातल्या काही इलेक्ट्रॉनचा मार्ग असा वाकवतात की हेलपाटा घालताना तो फार खाली येतो आणि वातावरणात शिरून संपतो. या दोन वाटांनी पट्टा काही तासांत जवळजवळ रिता होऊ शकतो.

आता आवक. वादळात कवचाच्या रात्रीकडे लांब ओढल्या गेलेल्या शेपटातून मध्यम ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आत फेकले जातात. त्यांना फारसं धोकादायक म्हणता येत नाही. हे नुसतं बियाणं. पण हेच इलेक्ट्रॉन आत येताना एक खास प्रकारच्या लहरी उठवतात. त्या लहरी ध्वनीच्या रूपात ऐकल्या तर पहाटे पाखरांनी किलबिलाट केल्यासारखं वाटतं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव 'कोरस' ठेवलं, आणि योगायोग असा की त्या जास्त करून पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूलाच सापडतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती किलबिल कितीतरी वेळ ऐकत बसले होते.

या लहरी इलेक्ट्रॉनांना झोका देतात. नागपंचमीच्या झोक्याला मागे उभं राहून बरोबर वेळ साधून हात लावला, तर हलक्या हातानंही झोका उंच जातो. वेळ चुकली तर तोच हात झोका अडवतो. कोरस लहरीची लय आणि इलेक्ट्रॉनच्या गिरकीची लय जुळली, की प्रत्येक धक्क्याला थोडी ऊर्जा मिळत जाते. काही तासांपासून एक-दोन दिवसांत बियाण्याचे इलेक्ट्रॉन दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जातात. अमेरिकेचे दोन व्हॅन ॲलन शोधक उपग्रह ऑगस्ट २०१२ ते २०१९ याच पट्ट्यांत फिरत होते. इलेक्ट्रॉन केवळ बाहेरून आत ढकलले जाताना तापत नाहीत, पट्ट्याच्या मध्यावरच त्यांची ऊर्जा वाढते, याचा भक्कम पुरावा त्यांच्याकडून मिळाला.

थोडक्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. साधारण क्रम असा दिसतो: वादळाच्या पहिल्या काही तासांत पट्टा एकदम ओसरतो, आणि वादळ निवत असताना पुढच्या दोन-तीन दिवसांत तो पुन्हा भरतो. पहिल्यापेक्षा जास्त, पहिल्याइतका की पहिल्यापेक्षा कमी, ते त्या-त्या वादळावर असतं.

२७६ वादळांचा हिशेब

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. अवकाश-शास्त्रज्ञ जेफ्री रीव्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते २००० या काळातली २७६ वादळं तपासली आणि प्रत्येक वादळाच्या आधीचे आणि नंतरचे वेगवान इलेक्ट्रॉन मोजून पाहिले. २००३मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. निम्म्याहून थोड्या जास्त वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले होते. सुमारे एक पंचमांश वादळांनंतर ते घटले होते. उरलेल्यांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता.

आणि वादळ किती मोठं होतं, याचा त्या निकालाशी संबंध नव्हता. लहानशा वादळानंतर पट्टा ओसंडून वाहू शकतो आणि मोठ्या वादळानंतर कोरडा राहू शकतो. त्या अभ्यासातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. बातम्यांत वादळाचा जोर सांगतात. उपग्रह चालवणाऱ्याला तेवढ्यावरून जे कळायला हवं ते कळत नाही.

मग अलिबागला मोजतात ते काय?

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. विजेच्या ट्राम येणार हे दिसल्यावर तिथली सूक्ष्म मोजमापं बिघडणार हेही उघड होतं. म्हणून नानाभाई मूस संचालक असताना, १९०४मध्ये, हे काम अलिबागला हलवलं गेलं. लोखंड कटाक्षानं टाळून बांधलेल्या तिथल्या इमारतींत ते आजही चालू आहे, आणि पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ते पाहते.

कुलाब्याच्या जुन्या वह्यांतली २ सप्टेंबर १८५९ची नोंद जगभर उद्धृत होते. इतिहासातलं सगळ्यात मोठं नोंदलेलं वादळ त्या दिवशी आलं. कुणीतरी तिथे बसून डोळ्यांनी आकडे वाचत होतं, कागदावर लिहीत होतं, आणि गडबड दिसल्यावर दर काही मिनिटांनी वाचत होतं. चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकत्व मोजण्याचं एकक) कोसळला. मे २०२४च्या वादळात कमी अक्षांशांवरची घट सरासरी ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास होती. अलिबागला एरवीचा आकडा ३८ हजारांच्या घरात असतो, म्हणजे ही घट जेमतेम एका टक्क्याची. होकायंत्र घेऊन फिरणाऱ्याला ती कळणारही नाही.

पण अलिबागच्या आलेखावरची ही रेघ पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन मोजत नाही. वादळात पृथ्वीभोवती प्रोटॉन आणि ऑक्सिजनच्या आयनांचा एक कडं करून प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाचं चुंबकत्व जमिनीवरच्या चुंबकत्वाच्या विरुद्ध असतं, आणि अलिबागला ती घट दिसते. हे कण वेगळे, त्यांची ऊर्जा कितीतरी कमी. वादळाचा जोर आणि इलेक्ट्रॉनांची संख्या जुळत नाही ती यामुळेच. पर्जन्यमापक पाऊस मोजतो, धरणाची पातळी मोजत नाही.

मे २०२४ नंतर काय झालं

त्या वादळानं एक वेगळीच गोष्ट केली. दोन पट्ट्यांच्या मधली एरवी मोकळी असणारी जागा भरून गेली. कोलोरॅडो विद्यापीठाचा सर्बी नावाचा एक लहानसा उपग्रह बिघाडामुळे एप्रिलपासून गप्प होता. जूनच्या मध्यात तो पुन्हा बोलू लागला, आणि त्याला तिथे दोन तात्पुरते पट्टे दिसले. एक १३ ते ५० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा, दुसरा प्रोटॉनांचा. असे तात्पुरते पट्टे आधीही दिसले आहेत. सप्टेंबर २०१२मध्ये सापडलेला साधारण महिनाभर टिकला होता. यावेळचा इलेक्ट्रॉनांचा पट्टा तीन महिने टिकून राहिला, आणि जून-ऑगस्टमधल्या पुढच्या वादळांनी त्याला बऱ्यापैकी पुसून टाकलं. एका वादळानं भरलं, दुसऱ्यानं रितं केलं. धरणाचा हिशेब इथे जसाच्या तसा दिसतो.

वाढले तर बिघडतं काय?

थंडीच्या रात्री अंधारात कृत्रिम धाग्याचं ब्लँकेट ओढलं की चटचट आवाज येतो आणि बारीक निळसर ठिणग्या दिसतात. कापडावर साठलेला विद्युतभार एकदम निसटतो. उपग्रहात तेच होतं, फक्त आत. वेगवान इलेक्ट्रॉन बाहेरचं आवरण भेदून तारांच्या प्लास्टिकमध्ये, सर्किट बोर्डात रुततात. तिथून त्यांना वाहून जायला वाट नसते. दिवसेंदिवस साठत जातात आणि एक दिवस ठिणगी पडते. संगणकाला वाटतं आज्ञा आली, किंवा एखादा भाग जळून जातो.

२० जानेवारी १९९४ला कॅनडाचा अनिक ई-१ हा संचार उपग्रह भरकटून फिरू लागला. त्याला काही तासांत ताब्यात घेतात न घेतात तोच जोडीदार अनिक ई-२ गेला, आणि तो परत हाताशी यायला कित्येक महिने लागले. उत्तर कॅनडातल्या दूरदूरच्या वस्त्यांचे फोन आणि टीव्ही या उपग्रहांवर होते. त्या दिवशी कोणतंही मोठं वादळ नव्हतं. वेगवान सौरवारा मात्र आदल्या आठवडाभर वाहत होता, आणि इलेक्ट्रॉन साठत गेले होते.

"मग शिशाचं जाड कवच का नाही लावत?"

पहिलं कारण वजन. वर नेण्याचा प्रत्येक किलो महाग पडतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं: शिशासारख्या जड धातूत वेगवान इलेक्ट्रॉन थांबला की एक्स-रे निघतात. एक त्रास टाळायला जाऊन दुसरा ओढवतो. म्हणून ॲल्युमिनियमची पेटी, भार साठू न देणारे पदार्थ, प्रत्येक धातूच्या भागाला विद्युतजोडणी, अशा उपायांवर भर असतो.

"आणि आपल्यावर खरंच काही नाही?"

आपल्या डोक्यावरची हवा सुमारे दहा मीटर पाण्याच्या थराइतकी जड आहे, म्हणजे तीन मजली पाण्याखाली बसल्यासारखं. पट्ट्यातला इलेक्ट्रॉन त्यातून खाली पोचत नाही, ५०-१०० किलोमीटर उंचीवरच त्याची ऊर्जा संपते. मोबाइल बंद केल्यानं तर कशातच फरक पडत नाही. वादळाचा त्रास जमिनीवर होतो तो वेगळ्या मार्गानं, लांबलचक वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह निर्माण होऊन. मार्च १९८९मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते ते त्यामुळे. त्यात पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांचा हात नव्हता.

"अंदाज वर्तवता येत नाही का?"

वादळाचा थोडाफार येतो. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेनं उपग्रह ठेवले आहेत. आपला आदित्य-एल१ तिथे ६ जानेवारी २०२४ला पोचला. त्यांच्यावरून गेलेला सौरवारा आपल्यापर्यंत यायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढाच खात्रीचा इशारा.

इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत मात्र उशीर आपल्या बाजूनं आहे. सौरवाऱ्याचा वेग वाढला की दोन-तीन दिवसांनी इन्सॅटच्या उंचीवर इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणून अमेरिकेचं अवकाश-हवामान केंद्र तीन दिवस पुढचा अंदाज देऊ शकतं. पट्ट्यात आवक किती आणि विसर्ग किती, हे नेमकं सांगणं अजून कठीण आहे.

सूर्यावरचे डाग काही वर्षं वाढतात, मग काही वर्षं घटतात. त्यांचा हा मोसम कळसाला पोचल्याचं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालं. आता सूर्य शांत होणार, असं वाटेल. पण इलेक्ट्रॉनांचा हंगाम बहुधा यापुढेच असतो. उतरत्या वर्षांत सूर्याच्या वातावरणात मोठी विवरं उघडतात, त्यांतून वेगवान वारा निघतो, आणि सूर्य सुमारे २७ दिवसांत एक फेरी घेत असल्यानं तोच वारा दर २७ दिवसांनी परत येतो. अशा वाऱ्यानं अलिबागच्या रेघेत किरकोळ खळगा पडतो, चार आकडी सोडा, कधी शंभराचाही नाही. बातमी होत नाही, आकाश लाल होत नाही, मेसेज फिरत नाहीत. रेघ पुन्हा सपाट होते, आणि त्याच सुमाराला ३६ हजार किलोमीटरवर इलेक्ट्रॉनांचा आलेख चढायला लागतो.